शिबिरातल्या ताईचे आभार मानायचे राहिलेत. तुमचे कोणाचे राहिलेत?

गवताचं_पातं

माळा आवरताना एक जुनी वही सापडली. मागच्या पानावर नऊ जणींच्या सह्या, नऊ पत्ते आणि नऊ वेळा लिहिलेलं एकच वाक्य: 'मला विसरू नकोस.' त्यातल्या सहा जणींचे चेहरेसुद्धा आता आठवत नाहीत. वाईट वाटलं, आणि जरा हसूही आलं.

मी बारा वर्षांची होते. दहा दिवसांचं निवासी उन्हाळी शिबीर. मला मुळीच जायचं नव्हतं. पहिला दिवस नव्याच्या नवलाईत गेला, दुसऱ्या रात्री मात्र घर आठवायला लागलं. पोटात गोळा आला होता. पण मोठ्यानं रडायची सोय नाही, शेजारची ऐकेल. शेवटी अनवाणीच तंबूबाहेर आले. आमच्या गटाची ताई एका पालथ्या बादलीवर बसून तंबूच्या दोरीशी झटापट करत होती. संध्याकाळी अवचित पाऊस येऊन गेला होता. सुती दोरी भिजली की फुगते आणि तिची गाठ दगडासारखी होते. तिने मला 'काय झालं' विचारलं नाही, 'रडू नकोस' म्हटलं नाही. दुसरी बादली पालथी घातली, दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुझी नखं शाबूत आहेत का गं? माझी सगळी तुटली."

मग आम्ही दोघी त्या गाठीच्या मागे लागलो. टॉर्च तिने दातात धरला होता. ओढायचं नाही, ढकलायचं, हे मी तिथे शिकले. दोरीचा जो पदर वरून जातो तो अंगठ्याने मागे रेटायचा, थोडी फट पडली की नख घालायचं, पुन्हा रेटायचं. तासभर तरी गेला असेल. गाठ सुटली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघापासून मला घर आठवलेलंच नाही.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते कळलं नाही. पण आज सांगायचंय ते वेगळंच. तिशी उलटल्यावर एकदा माझ्या डोक्यात आलं, की ती गाठ तिने मुद्दाम मारली असणार. दुसऱ्या रात्री कोणीतरी रडत बाहेर येणार हे तिला ठाऊक असणार, म्हणूनच ती दोरी घेऊन बसली होती. तेव्हापासून माझ्या मनात तिचं स्थान फार वर आहे.

वहीतल्या एकीकडून ताईचा पत्ता मिळालाय. पत्र लिहून तीन दिवस झाले, पण पाठवायचा धीर होत नाही. तिच्या हाताखालून शेकडो मुली गेल्या असतील. 'कोण ही?' म्हणेल. इतक्या वर्षांनी एका दोरीबद्दल पत्र पाठवणं जरा खुळेपणाचं वाटतं. तुम्ही काय कराल? आणि तुमचेही असे कोणाचे आभार मानायचे राहिले असतील तर लिहा.

रातकिडा

धागा उघडला आणि थेट शेकोटीचा वास आला. घरी आल्यावर चार दिवस तो केसांतून जायचा नाही, आणि आईने डोकं धुवायला लावलं की मला रडू यायचं.

आभार मानायचे राहिलेला मित्र आहे एक. रात्रीच्या पहाऱ्यावर आमची जोडी होती, दोन ते चार. तो चार वाजेपर्यंत बोलायचा. ध्रुवतारा शोधायला त्यानेच शिकवलं: सप्तर्षीतले पुढचे दोन तारे जोडायचे आणि ती रेघ साधारण पाचपट पुढे न्यायची. आजही रात्री बाहेर पडलो की मान आपोआप वर जाते. त्याचं आडनावसुद्धा मला माहीत नाही.

जाड_भिंगं

पत्र पाठवा. तुमचा संकोच नेहमीचा आहे, आणि त्यावर चक्क अभ्यास झालाय. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना अशीच आभाराची पत्रं लिहायला लावली आणि समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग पत्रं मिळालेल्यांनाच जाऊन विचारलं. लिहिणाऱ्यांनी धरलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना आनंद जास्त झाला आणि अवघडलेपण कमी वाटलं. लिहिणाऱ्याचा जीव 'शब्द नीट जमलेत ना' यात अडकलेला असतो, वाचणारा मात्र आपुलकी तेवढी बघतो. तेव्हा मसुदा घोटत बसू नका.

उगाच_एक

आले भिंगवाले संदर्भ घेऊन! (हलकेच घ्या.)

पण पाठवा हो. फार तर उत्तर येणार नाही. आत्ताही येत नाहीच आहे.

अकरावा_खेळाडू

रंगाचा बेरंग करतोय, पण कोणीतरी ही बाजूही लिहायला हवी.

मी दोन उन्हाळे शिबिराला गेलो, दोन्ही वेळा पाठवला गेलो म्हणून. संघ निवडताना दोन कर्णधार उभे राहायचे आणि एकेकाचं नाव घ्यायचे. शेवटी मी उरायचो आणि मग 'याला तुम्हीच घ्या' अशी घासाघीस व्हायची. मोठी माणसं शिट्टी गळ्यात घालून शेजारीच उभी असायची. समारोपाला प्रत्येकाने माइकसमोर येऊन 'मला इथे खूप शिकायला मिळालं, मी सर्वांचा ऋणी आहे' असं म्हणायचं. मीही म्हटलं. ऋणी हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात जातो.

शिबिराच्या आठवणी काढून लोकांचे डोळे भरून येतात तेव्हा मला वाटतं, यांना पहिल्या पाचांत निवडलं जात असणार.

रातकिडा

@अकरावा_खेळाडू, मला तिसरं-चौथं घ्यायचे. शेवटी कोण उरायचं ते आठवायचा आत्ता प्रयत्न केला. आठवलं नाही. त्याची जरा लाज वाटली.

शिट्टीवाला

गळ्यात शिट्टी घालून उभा असणाऱ्यांपैकी मी एक. अकरा उन्हाळे हे काम केलं, विनामोबदला. वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. पहिली दोन वर्षं मीही कर्णधारांना तसंच निवडू द्यायचो, कारण माझ्या लहानपणी तसंच चालायचं. तिसऱ्या वर्षी एक मुलगा निवड सुरू झाली की बुटाची नाडी बांधायला खाली बसायचा. रोज. आपलं नाव उशिरा येतंय हे दिसू नये म्हणून. ते कळलं त्या दिवसापासून चिठ्ठ्या टाकायला लागलो. त्या मुलाचे आभार मी कधी मानले नाहीत.

आता या बाजूने काय दिसतं ते थोडं सांगतो. मुलांना शेकोटी, गाणी, डोंगर आठवतात. आम्हाला डोकी मोजणं आठवतं. पाण्याजवळ जाताना मोजा, परतताना मोजा, झोपताना मोजा, आणि रात्री तीनला उठून पुन्हा मोजा. बेचाळीसच्या जागी एक्केचाळीस भरली की पोटात काय होतं ते शब्दांत सांगता येणार नाही. बेचाळिसावा बहुतेक वेळा मित्राच्या पांघरुणात सापडतो.

आणि दर वर्षी एक-दोन मुलं अंथरूण ओलं करतात, दहा-अकरा वर्षांचीसुद्धा. त्यासाठी माझ्या तंबूत एक जादा सतरंजी आणि दोन-तीन चादरी वेगळ्या ठेवलेल्या असत. पहाटे सगळे उठायच्या आत एक फेरी मारायची. टॉर्च लावायचा नाही, हातानेच चाचपायचं. मुलाला हळूच उठवायचं, 'चल, पाण्याची टाकी बघून येऊ' म्हणायचं. तो कपडे बदलून येईपर्यंत दुसऱ्या दादाने अंथरूण बदललेलं असायचं. मुलगा परत येतो, कोरड्या चादरीकडे बघतो, आपल्याकडे बघत नाही. त्यावर एक अक्षर बोलायचं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

यासाठी कोणी आभार मानत नाही, मानूही नयेत. आमचं काम नीट झालं तर कोणाला कळतच नाही. पण पातंताई, तुमचं पत्र माझ्या नावावर आलं असतं तर मी ते जपून ठेवलं असतं.

गवताचं_पातं

शिट्टीवाला दादा, बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा पुढे गेला.

पत्र आज टाकलं. आता परत घेता येत नाही.

ओली_वाळू

योग्य वेळी धागा आला. लेक नऊ वर्षांची आहे, या उन्हाळ्यात पहिल्यांदाच आठ दिवस एकटी जाणार. तिच्यापेक्षा मलाच धाकधूक. फोन न्यायला बंदी आहे. मी तिला सांगून ठेवलंय की अजिबात करमलं नाही तर दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जाईन. बरोबर केलं ना?

जाड_भिंगं

तेवढं एक वाक्य मागे घ्या. ख्रिस्तोफर थर्बर या मानसशास्त्रज्ञाने शिबिराला गेलेल्या मुलांच्या घरच्या आठवणीवर बरंच काम केलंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसाठी त्याने आणि एडवर्ड वॉल्टनने २००७ मध्ये एक अहवाल लिहिला. 'आवडलं नाही तर न्यायला येऊ' असं वचन देऊ नका, हा त्यातला ठळक सल्ला. मुलाला त्यातून ऐकू येतं ते असं: तुला जमणार नाही असं आईलाही वाटतंय. मग जीव रमवायची धडपड करण्याऐवजी ते सुटकेची वाट बघत बसतं. त्याऐवजी आधी एक-दोन रात्री नातेवाइकांकडे राहायची सवय करा, कॅलेंडरवर दिवस दाखवा, आणि घर आठवणारच, सगळ्यांना आठवतं, हे सांगून टाका. सोबत पत्ते लिहिलेली कोरी पोस्टकार्डं द्या.

अवांतर: घराच्या ओढीला वैद्यकीय नाव मिळालं ते १६८८ मध्ये. योहानेस होफर नावाच्या विद्यार्थ्याने बाझेलला प्रबंध लिहून तो आजारच ठरवला आणि त्यासाठी 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला. त्या काळी घरापासून लांब गेलेले लोक या आजाराने खंगतात असं मानायचे. आता तोच शब्द आपण हा धागा वाचताना वापरतोय.

फोनबंदीबद्दल: २०१४ मध्ये याल्डा उल्स आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. सहावीतली ५१ मुलं पाच दिवस निसर्गशिबिरात पडद्याविना राहिली. समोरच्याच्या चेहऱ्यावरून भावना ओळखण्यात ती घरी राहिलेल्या मुलांपेक्षा जास्त सुधारली. आता हे फोन नसल्यामुळे की सतत माणसांत राहिल्यामुळे, ते त्यावरून वेगळं काढता येत नाही. माझी शंका दुसऱ्यावर आहे.

ओली_वाळू

वाक्य मागे घेतलं. लेक म्हणाली, "मी तसंही येणार नव्हते."

निवांत_कासव

धागाकर्तीने 'सहा चेहरे आठवत नाहीत' लिहिलंय त्याबद्दल थोडं. मला हे फार दिवस खटकायचं. शिबिराच्या शेवटच्या दिवशी गळ्यात पडून रडलो, पत्रं लिहायच्या शपथा घेतल्या. दोन पत्रं गेली, एक आलं, संपलं. मग वाटायचं, ती दोस्ती खोटीच होती की काय?

जेफ्री हॉल नावाच्या संशोधकाने २०१८ मध्ये एक हिशेब मांडला होता. तोंडओळखीची बऱ्यापैकी ओळख व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणण्याइतपत जवळीक यायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. नुसतं शेजारी बसून काम केल्याचे तास त्यात फारसे कामाला येत नाहीत. गप्पा, खेळ, टवाळक्या यांचे येतात. आता शिबिराचा हिशेब करा. दहा दिवस, जागेपणीचे रोजचे पंधरा तास धरले तर झाले दीडशे. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सद्गृहस्थांबरोबर एवढी टवाळकी करायला मला सहा वर्षं लागली. (ते हे संस्थळ वाचत नाहीत अशी आशा आहे.)

तेव्हा दोस्ती खरीच होती. पुढे तिला तास मिळाले नाहीत, एवढंच. मला आता पुढे न टिकलेल्या मित्रांबद्दलही तितकंच बरं वाटतं. त्यांच्यातल्या एकाने मला पोहायला शिकवलं. तो कुठे आहे ठाऊक नाही, पण पोहता येतं.

उगाच_एक

कासवाला पोहायला शिकवावं लागलं?

निवांत_कासव

जमिनीवरचं आहे.

अकरावा_खेळाडू

शिट्टीवाला, नाडीवाला मुलगा वाचून थोडा वेळ गप्प बसलो. मी घसा खाकरायचो. पद्धत वेगळी, हेतू तोच.

एक विचारायचं होतं. हे गट पाडणं, झेंडे, घोषणा, दुसऱ्या गटाला हरवणं, याशिवाय शिबीर होऊच शकत नाही का? मला अर्धा त्रास त्याचाच होता.

जाड_भिंगं

गट जुनेच आहेत. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीच्या बेडन-पॉवेलने इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबीर भरवलं. काही बड्या शाळांमधली, काही कामकरी घरांतली. त्याने त्यांचे चार गट पाडले, लांडगा, बैल, कर्ल्यू (एक पाणपक्षी) आणि डोमकावळा या नावांचे. पण तिथे वेगवेगळ्या सामाजिक वर्गांतली मुलं एकाच गटात मिसळली होती, हे महत्त्वाचं.

उलट बाजू बघायची तर १९५४ चा मुझफर शेरिफ या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात रॉबर्स केव्ह इथे अकरा-बारा वर्षांची २२ मुलं, दोन गट. आपल्यावर प्रयोग चाललाय हे मुलांना माहीतच नव्हतं, आज हे कोणी करू देणार नाही. रस्सीखेच आणि सामने लावल्यावर थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग समेट घडवायचा म्हणून त्यांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला, उपयोग शून्य. उपयोग झाला तो पाणी बंद पडलं तेव्हा आणि गाडी बंद पडली तेव्हा. दोन्ही गोष्टी संशोधकांनीच घडवून आणलेल्या. गाडीला दोर बांधून दोन्ही गटांनी मिळून ती ओढली. दोर कुठला, तर रस्सीखेचीचा. परत जाताना मुलांनी एकाच बसमधून जायचा हट्ट धरला.

हे बरेच जण सांगतात. त्याच्या आदल्या वर्षीचा प्रयोग फसला होता, हे कमी जण सांगतात. तिथे मुलांना आधी एकत्र राहू दिलं आणि मग गट पाडले. दोस्ती झालेली होती, त्यामुळे ती पेटून उठायलाच तयार होईनात. मला विचाराल तर तो फसलेला प्रयोगच जास्त मोलाचा आहे.

रातकिडा

दोन-तीन दिवस एकत्र राहू द्यायचं आणि मगच गट पाडायचे. शिट्टीवाला, नोंद घ्या.

शिट्टीवाला

घेतली. गुडघे बरे असते तर याच वर्षी केलं असतं. पुढच्या फळीला सांगतो.

अकरावा_खेळाडू

रात्री झोप येईना म्हणून परत आलो. वर जे लिहिलं त्यातला शब्दही मागे घेत नाही. पण एक मुलगा होता. मी अकरावा, तो बारावा, म्हणजे कुठल्याच संघात नाही. आम्हाला सीमारेषेवर बसवून धावा मोजायला द्यायचे. त्याने सामन्याचं धावतं समालोचन सुरू केलं, हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं. खेळाडूंना तो म्हशी, बगळे, सरडे करून टाकायचा. "आता बगळा एका पायावर उभा, चेंडू आला, बगळ्याने दुसरा पाय शोधला, सापडला नाही." मी हसून इतका लोळलो होतो की एकदा धावांची वही मातीत पडली आणि सहा धावा कायमच्या गेल्या. कोणाच्या गेल्या ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्याला मी निमूट गेलो ते तो येणार होता म्हणून. हे मी आत्ता लिहिताना पहिल्यांदा कबूल करतोय. शिबिराचा ऋणी नाही, त्या मुलाचा आहे. शब्द डोक्यात जातो, तरी वापरला.

ओली_वाळू

अकरावा, हा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. ती विचारतेय, सरडा कोण होता?

अकरावा_खेळाडू

कर्णधार.

गवताचं_पातं

ताईचं उत्तर आलं! थोडा भाग तिच्या परवानगीने देतेय:

"पत्र वाचून आधी डोळे पुसले आणि मग खूप हसले. अगं, गाठ मुद्दाम मारलेली नव्हती. तो तंबू पावसात एका बाजूने कलला होता आणि सकाळच्या आत नीट उभा केला नाही तर मला बोलणी बसणार होती. मी एकोणीस वर्षांची, ताई म्हणून पहिलंच शिबीर. दोन तास ती गाठ सुटत नव्हती. तू आलीस तेव्हा मीच रडायच्या बेतात होते, म्हणून तर तुला काही विचारलं नाही. तोंड उघडलं असतं तर माझाच बांध फुटला असता. नंतर टॉर्च दातात धरला तोही त्याचसाठी. तुझं नाव मला आठवत नव्हतं, खरं सांगते. नखं आठवतात. पुढे कित्येक वर्षं मी सांगत असे, एक बारीकशी मुलगी अनवाणी आली आणि तिने मला सोडवलं."

मी हे चार वेळा वाचलंय. इतकी वर्षं मनात एक गोष्ट रचून ठेवली होती, ती अशी उलटी निघाली. आता मी नक्की कशाचे आभार मानले, तेच कळेना.

रातकिडा

अंगावर काटा आला.

शिट्टीवाला

एकोणिसाव्या वर्षी मीही टॉर्च दातात धरलेला आहे. जास्त लिहीत नाही.

उगाच_एक

म्हणजे आभार मानायचे तिचेच राहिले होते तर!

गवताचं_पातं

@उगाच_एक, तेही तिने मानलेत, शेवटच्या ओळीत. ती ओळ माझ्यापाशीच ठेवते.

ओली_वाळू

लेकीची बॅग भरायला घेतलीये. टॉर्च झाला, शिट्टी झाली, पत्ते लिहिलेली पोस्टकार्डं झाली. एवढंच सांगा, नखं कापू की राहू देऊ?